दोन्ही हातांची चिलीम

मी चिलीम बोलतेय. नाव बाईचं, जीभ गड्याची. गोड बोलायला मला येत न्हाई. ऐकायचं तर ऐका, न्हाईतर उठा.

माझा जलम कार्ल्याच्या डोंगराखालचा. कुंभारानं चिखल सळईवर थापला, वर रुंद, खाली निमुळता, आन् भट्टीत घातला. सरळसोट. वाक न्हाई, नखरा न्हाई. म्हनून माझा धूर थेट घशात जातो, गरमागरम. राख तोंडात येऊ नये म्हनून पोटात खडा घालतात, बुडाला ओलं फडकं गुंडाळतात, त्याला छापी म्हनतात. आन् मला एका हातानं ओढता येत न्हाई. एका मुठीत धरायची, दुसऱ्या हाताची ओंजळ लावायची, मान वर करायची, मग दम मारायचा. डोळे आपसूक मिटतात. माझा आकारच तसा.

एकविरा आईच्या जत्रंत बळवंत नाखव्यानं मला घेतलं आन् मालाडच्या पल्याड, दर्याकाठच्या कोळीवाड्यात आनलं. बळवंत माझ्यासारखाच तापट. जाळ्यावरनं एकदा सख्ख्या धाकट्या भावाचा दात पाडला व्हता त्यानं. पन त्या घरचा एक रिवाज व्हता. भांडन मिटवायचं तर समोरासमोर बसायचं, चिलीम दोन्ही हातांनी द्यायची, दोन्ही हातांनी घ्यायची. दोन्ही हात माझ्यात गुंतल्यावर कानफटात द्यायला तिसरा हात कुठनं आनायचा? माझ्यामुळं लई डोकी वाचली त्या घरात. मला त्याचा माज व्हता. खरं सांगते, लई माज.

पुढं तो धाकटा भाऊ वारला. मागं त्याची बायको जया आन् मुलगा विकी, तीस वर्षांचा घोडा. घरामागं दोन्ही भावांच्या वाटनीचं एकच अंगन. त्यात बांबूच्या वलांडी उभ्या, त्यांच्यावर बळवंतची बायको कमळ बोंबील वाळवायची. बाईचं सगळं आयुष्य त्या बांबूंवर टांगलेलं. विकीला तिथं पार्किंग पायजे व्हतं. शनवार-रविवारी दर्यावर येनाऱ्यांच्या गाड्या लावायला.

ह्या विकीनं मालाडच्या बाजारातनं लाकडी पाईप आनला. गळासारखा वाकडा. दातात धरला की लोंबत राहतो, हात मोकळेच. दोस्त म्हनायचे, “विकीशेठ, झकास दिसतोस यार!” की हा मान तिरकी करून फोटो काढायचा. दिसायला काय? वाकात थुंकी साचायची आन् आत गुडगुडायचं. चार झुरके झाले की उलटा करून झटकायचा. पन आकार भुलवतो मानसाला. धूर कोन बघतो?

एका सकाळी विकीनं अर्ध्या वलांडी उपटून टाकल्या. ओले बोंबील मातीत. कमळ कोयता घिऊन धावली. बळवंतनं तिला धरलं.

“थांब कमळे. घरातलं हाय, बसून मिटवू.”

“बसून? तो उभा राहून उपटतोय, आन् तू बसनार?”

“चिलीम भर.”

“तूच भर. मला त्याचे हात दिसतायत.”

बळवंतनं भरली. अंगनातच बसला. विकी समोर बसला, पाईप दातात. बळवंतनं मला दोन्ही हातांनी पुढं केलं.

“काका, ही मातीची नळी नको ना यार. माझा हाय की पाईप. तू ओढ, मी ऐकतो.”

तिथंच उठायला पायजे व्हतं रं! तवा मला वाचा असती तर शिवी हासडली असती. बळवंत न्हाई उठला. मला तोंडाला लावलं, मान वर, डोळे बंद.

विकीनं उपटलेला बांबू उचलला आन् घातला कपाळावर. कवटीचा आवाज मी ऐकलाय. बळवंतचे हात माझ्याभोवती आवळलेलेच. मला टाकून डोकं झाकायचं त्याला सुचलंच न्हाई. दुसरा घाव कानावर. निखारे त्याच्या छातीवर सांडले, कातडं चरचरलं. विकीचा पाईप दातातच लोंबत व्हता, पडलासुदीक न्हाई. मग कमळनं कोयत्याच्या मुठीनं त्याचं थोबाड फोडलं. पाईपाचे दोन तुकडे आन् तीन दात, सगळं एकदम मातीत.

तिसऱ्या दिवशी बळवंतनं हास्पिटलात जीव सोडला. विकीला पोलिसांनी नेलं. मारला विकीनं. पन धरून ठेवला मी.

बाराव्यानंतर जया भावकीतले चार बाप्ये घिऊन आली. अंगनातनं उचलून मला भरून आनलं व्हतं. दोन्ही हातांनी कमळपुढं धरलं.

“ताई, घे गं. रिवाज हाय आपला. जबानी बदल. पडून लागलं म्हन. एकच हाय मला.”

“मला पन एकच व्हता, जये.”

“त्याचं डोकं फिरलं व्हतं गं...”

“आन् माझ्या नवऱ्याचं फुटलं.”

कमळनं मला घेतलं आन् पाट्यावर आपटलं. सात तुकडे. बाप्ये दोन पावलं मागं सरले.

“आलातच तर खड्डे खना,” कमळ म्हनली. “जबानी बदलनार न्हाई. वलांडी मात्र आज उभ्या राहतील.”

कुनी हललं न्हाई. मग जयानंच डोळे पुसले आन् पहार उचलली. तिला खनताना बघून बाप्यांना लाज वाटली. खड्डा झाला, बांबू उभा केला. बुडात दगड ठेचले, दगड कमी पडले म्हनून माझे तुकडेपन ठेचले.

आता मी हितंच. वरनं बोंबलाचं पानी ठिबकतं, वास मारते मी. कोर्टात केस चालू हाय. कमळची जबानी तीच हाय. जया अधनंमधनं येते, कमळला टोपली उचलू लागते.

उद्या कुनी शहाना येईल, जुनी चिलीम म्हनून तुकडे उकरून जोडायला बघंल, कपाटात मांडंल. त्याला हात जोडून सांगते, मला आता कुनाच्या हातात देऊ नका. राहू द्या हितंच. काढलं तर बांबू हलंल.