चौकटीवरच्या पाच खुणा

दुकानाच्या चौकटीवर पुराच्या पाच खुणा होत्या, आत सिमेंटच्या ओट्यावर पांढऱ्या कापडाचे दोनशे चौदा तागे, आणि चौकटीच्या माथ्याला लाकडाचे तीन जोड. जोड रेवाने सगळ्यात शेवटी मोजले.

आखातातल्या मत्रहच्या बाजारात सादिकचाचांचं दुकान अगदी वादीच्या तोंडावर होतं. एरवी ठणठणीत कोरडा असलेला तो ओढा पाऊस झाला की डोंगराचं पाणी थेट बाजारात आणून सोडायचा. दर पुरानंतर चाचांचे वडील चौकटीवर खिळ्याने रेघ ओढून साल कोरायचे. पुढे चाचाही तसंच करू लागले. रेवाने यॉर्क शहरातल्या पुरांच्या इतिहासावर एमएस्सीचा प्रबंध लिहिला होता. तिथेही भिंतींवर अशाच खुणा होत्या. सुट्टीत जवळच्या सीबला आई-बाबांकडे आल्यावर ती टेप घेऊन इथे पोचली.

"अगो बाय, विलायतेला जाऊन हेच शिकलीस?" चाचा हसले. "हे तर आमचा रमण गवंडीपण करतो. तोही दहावी नापास!"

सगळ्यात वरची खूण सत्त्याहत्तर सालची, फरशीपासून ब्याण्णव सेंटिमीटर. त्या हिशेबाने रमणने ओटा शंभरावर बांधला होता. शनिवारी सीबचा व्यापारी ट्रक आणून सगळे तागे एकदम नेणार होता. मग दुकान बंद करून चाचा नि खतिजाचाची कायमचे दाभोळला परतणार होते.

"चाचा, वर हे तीन तुकडे कसले?"

"ती अब्बांची अक्कल! सागवान दाभोळहून आणलेलं. पुरात चौकट खालून कुजायची. खाली जोड दिला तर तोही कुजणार. म्हणून कुजका भाग कापायचा, चौकट खाली उतरवायची नि वर जोड मारायचा. सत्त्याहत्तरनंतर तीनदा केलं, शेवटचं गोनू वादळाच्या वर्षी."

रेवाने जोड मोजले. चौदा, सतरा, दहा. तिने बेरीज दोनदा केली. यॉर्कच्या भिंती जागच्या हलल्या नव्हत्या.

"चाचा, चौकटीबरोबर खूणही खाली आली. सत्त्याहत्तरचं पाणी एकशे तेहतीस होतं."

चाचांनी त्या रेघेवर बोट ठेवलं. "अब्बांनी खोटं लिहिलं नाही," ते म्हणाले.

"नाही. खरंच लिहिलं."

छत दोनशे साठ, उभा तागा दीडशे. ओटा अजून दहा सेंटिमीटर चढला असता, त्यावर नाही. तागे आडवे ठेवायला जागा नव्हती. रेवाने पिकअपवाल्या तानाजीला फोन लावला.

"ताई, आज गाडी सोहारला आहे. उद्या दहाला येतो, इन्शाल्ला."

"उद्याचं उद्या," चाचा म्हणाले. "नोव्हेंबरात कुठला पूर?"

दुपारी तीनला डोंगरामागे आभाळ काळं झालं. बाजारात टिपूसही पडला नव्हता, तरी साडेतीनला वादी आली. रेवा आणि चाचा एकेक तागा खांद्यावर घेऊन मशिदीच्या पायऱ्यांवर नेऊ लागले. नऊ तागे पोचले. दहाव्याला पाणी कमरेला लागलं, तेव्हा दोघांना बाहेरच्यांनी ओढून घेतलं.

सकाळी दुकानात मऊ, तांबूस गाळ होता. तागे जागच्या जागी उभे होते, खालून तांबडे, वरून पांढरे. खतिजाचाची एका ताग्याची कड पिळत होत्या. चाचांनी खिळा शोधला, चौकटीपाशी गेले, आणि तो रेवाच्या हातात दिला.

तिने चौकट सोडून दगडी भिंतीवर रेघ ओढली. फरशीपासून एकशे सतरा सेंटिमीटर.