झेंड्याची पोकळ काठी

"बोला, जलनाथ महाराज की जय!"

सास्तूरच्या पलीकडं ओढ्याच्या फरशीवरून मांडीभर पाणी वाहत होतं. त्यातून महाराजांचा चेला अमरसिंह याची उंच डर्ट बाईक धडधडत आरपार आली. सीटमागं झेंडा फडफडत होता. काठावर नारळ फुटले.

"इंजिन म्हंजे लोखंडात कोंडलेला अग्नी," छत्रीखाली बसलेले महाराज सांगत होते. "आमचा अंगारा लावला की त्या अग्नीला पानी शिवत न्हाय!"

पाणी मात्र शिवत होतं. अंगारा लावून लोक आपल्या मोटारसायकली पाण्यात घालत आणि त्या मध्येच बंद पडत. "श्रद्धा कमी पडली," असं म्हणून महाराज मोकळे. मग ढकलत आणलेल्या गाडीवर शाल पांघरायची, अमरसिंहानं शालीखाली शिरायचं, बाकीच्यांनी जप करायचा. अर्ध्या तासानं गाडी सुरू! अशा नऊ गाड्या रांगेत होत्या. एक माझी. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो, तरी चारचौघांत वाईटपणा नको म्हणून टाकीला मुकाट अंगारा लावून घेतला होता.

मागं ओढा चढत होता. पुढं सहा किलोमीटर चिखल, ना घर ना दार. आम्ही पुरते अडकलो होतो.

तेवढ्यात चौघांनी बलभीम काकांची गाडी पाण्यातून ढकलत आणली. मागं दोघांनी काकूंना, विठाबाईंना, उचलून आणलं. त्यांच्या पापण्या मिटत होत्या.

"सर, हिला कडब्यात पान लागलं," काका रडवेले होऊन म्हणाले. म्हणजे साप चावला होता. "दवाखान्याची गाडी पुढं फाट्यावर थांबलीय. रस्ता खचलाय, म्हून पुढं येईना. ह्यांच्या अंगाऱ्यावर इसवास ठेवून म्या गाडी पान्यात घातली, अन् बंद पडली."

महाराजांनी विठाबाईंच्या कपाळाला राख फासली. "इख उतरंल. तुमचा दहावा नंबर. बसा."

"पाच तास बसू?" काकांनी विचारलं.

"देवाला घाई चालत न्हाय."

कुणी काही बोललं नाही. मीही नाही. विठाबाईंचा श्वास तुटक होत चालला होता आणि जपाचा आवाज वाढत होता.

"महाराज, काकूंना गिळता बी येईना गेलंय. बसा काय म्हणताय?"

ती फरहाना होती, जाफर मिस्त्रींची मुलगी. सास्तूरचं गॅरेज तीच चालवते. शिवारातला ट्रॅक्टर दुरुस्त करून परतताना तीही इथंच अडकली होती. खांद्यावर पान्यांची पिशवी.

"पोरी, हितं शक्तीचं काम चाललंय. लांब हो."

फरहाना लांब झाली, पण अमरसिंहाच्या गाडीकडं. गाडी सुरूच होती. तिनं झेंड्याचं फडकं वर सारलं आणि काठीच्या टोकावर तळहात दाबला.

इंजिन घुसमटलं. ठसकलं. बंद पडलं.

"काठी पोकळ हाय," ती लोकांकडं वळली. "ही नळी सीटखाली एअर फिल्टरला जोडलीय. इंजिन माणसावानी श्वास घेतं. ह्याचं नाक डोक्याच्या वर, तुमच्या गाड्यांचं गुडघ्यापाशी. मग बुडणार कोण?"

"अपशकुन! गाडीचा कोप होईल!" महाराज ओरडले. अमरसिंह खाली बघत होता.

"ही गाडी एकट्यानं बसायची. काकूंना धरून न्यायला काकांचीच पाहिजे. सर, पुढचं चाक उचला!"

मी उचललं. सायलेन्सरमधून गढूळ पाणी ओतलं. तिनं फिल्टरचा स्पंज फडक्यासारखा पिळला. ऑइल तपासलं. "दुधाळ झालं न्हाय, म्हंजे ऑइलात पानी शिरलं न्हाय. नशीब." कार्बोरेटरचं पाणी सोडलं आणि प्लग काढला. "आता मारा किक!"

प्लगच्या भोकातून पाण्याची चिळकांडी उडाली. एक, दोन, दहा किका. मग नुसतीच हवा. तिनं प्लग पुसून बसवला.

"शालीखाली ह्येच चालतंय," ती म्हणाली. "जप तुमचा, पाना ह्या अमरसिंहाचा."

पहिली किक फुकट गेली. दुसरीही. सहाव्या किकेला इंजिन खोकललं आणि पांढरी वाफ सोडत सुरू झालं. काका चालवायला पुढं बसले, विठाबाईंना मध्ये बसवून मी मागून घट्ट धरलं आणि आम्ही चिखलातून निघालो.

फाट्यावर रुग्णवाहिका उभी होती. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास उशीर झाला असता तर श्वास थांबला असता. दहाव्या दिवशी विठाबाई घरी आल्या. सर्पदंशाच्या माणसाला उपचारापासून अडवणं हा जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. बलभीम काकांनी स्वतः ठाण्यात जाऊन तक्रार दिली. साक्षीदार म्हणून पहिली सही मी केली.

ती सही त्या काठावर गप्प बसल्याची भरपाई होत नाही, हे मला कळतं. म्हणून एवढंच मागणं आहे. पूर आलेल्या ओढ्यात कुणाच्याही भरवशावर गाडी घालू नका. साप चावला तर राख नको, थेट दवाखाना गाठा. आणि चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी मोठ्यानं विचारा, "हे होतं कसं?" तुमच्याशेजारी उभ्या असलेल्या कुणाचा तरी श्वास त्या प्रश्नावर टांगलेला असू शकतो.