वाळूनं गिळलेलं तेल

"वाळूत गेलं ते गेलं बाई. या खेपेला कुणालाच तेल न्हाई," डेपोचा कारभारी दादासो खुर्चीतून न उठताच म्हणाला.

शालूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. १९४४ सालचा वैशाख. लढाईमुळे पाणी उपसायच्या इंजिनाचं क्रूड तेल परमिटवर मिळायचं, तेही इस्लामपूरच्या या एकाच डेपोतून. नवरा नाथाजी पलटणीबरोबर तिकडं इटलीत. इथं कृष्णाकाठचा दोन एकर ऊस आणि चार घरांत मिळून असलेलं इंजिन तीच सांभाळत होती. तीन आठवडे इंजिन बंद होतं आणि उसाची पानं सुरळी होऊन वाळत होती.

डेपोत आगीच्या भीतीनं सिमेंटचा हौद बांधून त्यात वाळू भरली होती आणि वाळूवर पिंपं आडवी ठेवलेली. त्यांतली आठ गंजून गळली. गळतायत हे हमालानं दोनदा सांगितलं होतं, पण दादासोनं लक्ष दिलं नव्हतं.

"हौद सिमेंटचा हाय ना? मग तेल जाणार कुठं? तितंच हाय की!"

"मग काढ जा पिळून," असं म्हणून दादासो हसला.

त्या हसण्यानंच ती पेटली. तिथून तडक ती जयपाल मास्तरांच्या मळ्यात गेली. मास्तर सांगलीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे आणि सुट्टीला वडिलांकडं आले होते. त्यांचंही इंजिन बंदच होतं.

"अमेरिकेत जमिनीखालच्या वाळूत अडकलेलं तेल पाणी दाबून वर काढतात," मास्तर म्हणाले. "वाचलंय मी. करून बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एक रिकामं पिंप तेलकट वाळूनं भरलं, बुडाला नळी बसवली, उंचावरच्या डब्यातून डेपोच्या विहिरीचं पाणी खालून सोडलं. पाणी वाळूतून चढत वर आलं. त्यावर तेलाचा पातळ थर तरंगला, पसाभर निघालं आणि थांबलं. मास्तरांनी दुपारपर्यंत पाणी सोडलं. वाळू काळीची काळीच. दादासो दारात उभा राहून पान चघळत बघत होता.

"तेल कणाकणाला चिकटून बसलंय," मास्तर घाम पुसत म्हणाले. "नाही निघायचं, शालूबाई."

"तुमी पाणी कसलं घेतलंया, मास्तर?" ती उसळली. "या हिरीच्या पाण्यात डाळ शिजत न्हाई, डोईला फेस येत न्हाई. खारट हाय त्ये! इंजिनाची मळकी कापडं या पाण्यात घातली तर वंगण जास्तच बसतं. मी नदीवर नेती, रिठ्याच्या पाण्यात भिजवती, तवा कुठं निघतं. वाळूचं काय निराळं हाय व्हय?"

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. "पुस्तकं वाचली मी, आणि पाण्याची चव काही बघितली नाही!"

नदीचं पाणी गाडीनं आलं. नुसत्या त्या गोड्या पाण्यानंच पहिल्यापेक्षा दुप्पट तेल वर आलं. मग रिठ्याचं पाणी. रागाच्या भरात शालूबाईनं रिठा बचकाबचकानं कुस्करला होता. वर आलं ते तेल नव्हे, तांबूस ताकच. तेल-पाणी एकजीव झालेलं. दादासो मोठ्यानं हसला. तिनं दात-ओठ खाल्ले, ते ताक उन्हात निवळत ठेवलं आणि दुसरं पिंप भरलं. या वेळी रिठा बेतानं घातला. वाळूतून काळेभोर थेंब सुटले, एकमेकांत मिसळले आणि काठावरून ओघळायला लागले. दादासोचं हसणं बंद झालं.

चार दिवस तेलावाचून अडलेल्या सोळा घरांच्या बाया-पुरुषांनी पाणी वाहिलं. शेजारच्या राहीबाईच्या खांद्याची सालटं निघाली. तेल निवळलं, फडक्यातून गाळलं. गळालेल्या आठांपैकी पाच पिंपं भरली, सहावं अर्धं. ती डेपोतल्याच खोलीत ठेवली.

पाचव्या दिवशी गाड्या घेऊन सगळे आले, तर खोलीला कुलूप.

"तेल डेपोचं हाय," दादासो म्हणाला. "हात लावाल तर फौजदाराला बोलवीन."

"बोलीव की!" शालूबाई थेट त्याच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिली. "मास्तर, ह्यानं वर काय कळीवलंय?"

"आठही पिंपं वाया गेली, तेल शिल्लक नाही," मास्तर शांतपणे म्हणाले. "मामलेदार कचेरीत बघून आलोय मी."

"ऐकलंस? शिल्लक न्हाई म्हणून तूच लिवून दिलंस. मग आत काय हाय? काळ्या बाजारात न्ह्यायला ठेवलंस व्हय रं? आमची माणसं तिकडं गोळ्या खात्यात आणि तू हितं आमच्याच घामाला कुलूप घालतोस?" तिनं कुलपावर थाप मारली. "फौजदार येऊ दे. त्येच्यासमोर खोली उघडू."

दादासोनं इकडं तिकडं बघितलं. सोळा घरांची माणसं पुढं सरकली. किल्ली त्याच्या हातातून राहीबाईनंच घेतली.

संध्याकाळी नदीकाठी इंजिन धडधडलं. पाट वाहायला लागला. शालूबाई बांधावरून चालत गेली. खालचा एक एकर तग धरून होता. वरचा करपून कोळसा झाला होता. कांडं हातात घेतलं तर चुरा झाला. दादासोची खुर्ची तशीच राहिली, त्याला कुणी काही विचारलं नाही. मास्तरांनी मामलेदाराला अर्ज दिला, त्याची पोचसुद्धा आली नाही.

आठवड्यानं मास्तर सांगलीला निघाले, तेव्हा ती पोस्टाचं कार्ड घेऊन आली. "आमच्या मालकास्नी लिवा. तेल कसं काढलं त्ये लिवा."

मास्तरांनी लिहिलं. "आणखी?"

"निम्मा ऊस जळाला म्हणून लिवा."

"अहो, नाथाजी रणात आहे. कशाला उगाच जिवाला घोर लावायचा?"

"लिवा म्हंती न्हवं! उनानं जळाला न्हाई म्हणून लिवा. कुणामुळं जळाला, त्येचं नाव लिवा. बापाच्या नावासकट."

मास्तरांनी दौतीत टाक बुडवला.