आईची पाहुणी

मॅनेजरबाईंनी नियम एकच घातला होता: ओळख दाखवायची नाही.

तळ्याकाठचा तो जुना बंगला किती तरी वर्षं कुलपात पडून होता. डागडुजी होऊन आता त्याचं झकपक हॉटेल झालं होतं, आणि खरे पाहुणे यायच्या आधी रंगीत तालीम म्हणून कर्मचाऱ्यांच्या घरच्यांनाच पाहुणे करून ठेवणार होते. आई तिथे खोल्या आवरायच्या कामाला. मजल्याची सुपरवायझर ती होणार की तिची मैत्रीण ठमाकाकू, हे या तालमीतच ठरणार होतं.

"म्हणजे मी तुला आई म्हणायचं नाही?"

"नाही. आणि मी तुला गधडे म्हणणार नाही. मजा कर."

"आणि मला?" बाबांनी विचारलं.

"साहेब."

बाबांनी लगेच मिशीवरून हात फिरवला.

खोली म्हणजे कहर होती! छतावर चुन्यात कोरलेली पानंफुलं, पितळी नळ, पंजांवर उभा असलेला बाथटब. बाल्कनीला दगडी कठडा, आणि खाली थेट पाणी. मी पलंगावर अशी उडी मारली की बाबा ओरडले, "अगं हळू! तो माझ्या पणजोबांच्या वयाचा आहे!"

वादविवाद स्पर्धेत पहिली आल्यापासून माझ्या डोक्यातून निघेल त्या कल्पनेवर माझा फार विश्वास बसायला लागला होता. तेव्हा मला वाटलं, साध्यासरळ पाहुण्याला काय, कोणीही सांभाळेल. पाहुणी महाखट निघाली, तरच आई उठून दिसेल.

मी घंटी वाजवली. हॉट चॉकलेट मागवलं. आई ट्रे घेऊन आली.

"गार आहे," मी म्हणाले.

"माफ करा, मॅडम. लगेच बदलून आणते."

दुसरा कप आला. "यावर फेस नाही."

कर्मचाऱ्यांनी मागच्या जिन्यानेच चढायचं असतं. पुन्हा वर आली तेव्हा आईला धाप लागली होती आणि एक हात गुडघ्यावर होता, पण चेहऱ्यावर हसू तेच. मला तिचा इतका अभिमान वाटला! गुडघ्याचं काही वाटलं नाही, हे लिहिताना आता कसंतरी होतंय.

"पुरे की आता," बाबा पुटपुटले. "दमली ती."

"बाबा, तुम्हाला यातलं कळत नाही."

तेवढ्यात मॅनेजरबाई पाहणी करत दारात आल्या. मला वाटलं, हीच संधी. मी बाल्कनीत पळाले, कठड्यावर चढून बसले आणि पाय पाण्याच्या बाजूला सोडले. आई आता अदबीने म्हणेल, 'मॅडम, कृपया खाली उतरता का?' आणि बाई खूश होतील. प्रश्न जरा आणखी अवघड करावा म्हणून मी तोल गेल्याचं नाटक केलं.

ट्रे खाली आपटला.

"उतर आधी! उतर म्हणते ना, गधडे! कानाखाली वाजवीन!" आईने मला दंडाला धरून आत ओढलं.

मॅनेजरबाईंनी फुटलेल्या कपाकडे पाहिलं. "पाहुण्यांशी असं बोलतात?"

"माझी चूक आहे," मी घाईघाईने म्हणाले. "मी मुद्दाम केलं. आईला... म्हणजे यांना..."

"तू पाहुणी आहेस," बाई शांतपणे म्हणाल्या. "पाहुण्यांची चूक आपल्याकडे धरत नाहीत."

मी खाली वाकून कपाचे तुकडे वेचायला लागले.

सुपरवायझर ठमाकाकू झाली. आम्ही निघायच्या आधीच ते कळलं. बाबा नुसती बॅग भरत राहिले, एकाच शर्टाची पुन्हा पुन्हा घडी घालत. आई पलंग आवरायला आली. मी उशीचा अभ्रा काढायला हात लावला.

"राहू द्या, मॅडम."

"आई, संपलं ना ते आता?"

"चावी देईपर्यंत तू पाहुणी."

मी चावी घेऊन धावत खाली गेले, काउंटरवर ठेवली आणि मागच्या जिन्याने वर आले. अरुंद, उंच पायऱ्या, धरायला कठडाही नाही. हा जिना ती माझ्या फेसासाठी चढली होती.

"दिली चावी. आता बोल मला काय बोलायचं ते."

"बोलायला दम नाही," आई म्हणाली. "ते टोक धर. पडली असतीस म्हणजे..." पुढचं तिने चादरीबरोबर गुंडाळून टाकलं.

मळक्या कपड्यांचं गाठोडं घेऊन आम्ही जिना उतरत होतो. खालून ठमाकाकू येत होती, छातीवर नवा बिल्ला. आम्हाला पाहून तिची नजर खाली गेली. आई भिंतीला चिकटून उभी राहिली आणि तिला वाट करून दिली.

"या मॅडम, आधी तुम्ही," आई म्हणाली.

"चल गं, चावट!" काकूला हसू फुटलं, मग आईलाही. मी मात्र गाठोड्यात तोंड खुपसून उभी होते. माझ्याच चादरीला साबणाचा आणि हॉट चॉकलेटचा वास येत होता.