मायबापाचे दगड

सत्यशीला पुसेगावच्या फाट्यावर जीपमधून उतरली. बारा वर्षांनी ती आणि धाकटा भाऊ शिवहार गावाकडं आले होते. बारा वर्षांपूर्वी मेंढरं चारण्यावरून भांडण पेटलं आणि गावातल्याच देवलानं त्यांच्या मायबापाला कुऱ्हाडीनं तोडलं. सोळा वर्षांची सत्यशीला मेंढरांत दडून, शिवहारला पोटाशी धरून बघत होती. कोर्टात एकट्या पोरीची साक्ष टिकली नाही. देवला सुटला आणि मामानं दोघा लेकरांना अकोल्याला नेलं.

आज ती दोघं मायबापाच्या, पुंजाजी आणि बनाबाईच्या, नावाचे दोन दगड मांडायला आली होती. मायबाप जिथं पडले तो माळ ओळखू येत नव्हता. देवलानं तो फोडून सोयाबीन पेरलं होतं. बांधावरच्या लिंबाखाली सत्यशीलानं दगड धुतले, शेंदूर लावला, पुरणपोळीचा निवद ठेवला. शिवहार नारळ फोडणार, तोच मागून आवाज आला.

"कोनाचे देव बसवून राहिले रे माझ्या वावरात?"

देवलाच होता. केस पिकलेले, खांद्यावर कुऱ्हाड.

"देव न्हाईत, आमचे मायबाप हायेत," सत्यशीला म्हणाली. "निवद दाखवतो अन् जातो."

देवलानं तिला निरखलं, ओळखलं, आणि लाथेनं एक दगड उडवला. "तवाच तुमालाबी तोडाया पायजे व्हतं."

शिवहारनं त्याची गचांडी धरली. कुऱ्हाडीचा पहिला वार हुकला, दुसरा शिवहारच्या खांद्यात रुतला. हाड मोडल्याचं सत्यशीलाला ऐकू आलं. हाताला लागला तो धोंडा उचलून तिनं देवलाच्या गुडघ्यावर घातला. तो कोसळला. ती थांबली नाही. नडगीवर, कोपरावर, कुऱ्हाड धरलेल्या बोटांवर घालत राहिली. "मेलो गं माय!" देवला गुरासारखा ओरडत होता, आणि ते ऐकून तिला बरं वाटत होतं. डोक्यात घालायला तिनं धोंडा वर उचलला.

"आक्का," शिवहार कसाबसा बोलला, "रगत थांबून न्हाई राहिलं."

तिनं वळून पाहिलं. तो पांढराफटक पडला होता. धोंडा टाकून तिनं पदर फाडला, खांदा आवळला आणि एवढ्या थोराड भावाला पाठीवर घेऊन रस्ता गाठला. दुधाच्या टेम्पोवाल्यानं त्यांना हिंगोलीच्या दवाखान्यात पोचवलं.

शिवहार वाचला, पण उजवा हात खांद्याच्या वर जाईना. देवलाचा पाय गुडघ्यातून कापावा लागला आणि सत्यशीलाला अटक झाली.

"एवढं काहून मारलं?" फौजदारानं विचारलं.

"मारूनच टाकायचा व्हता. भाऊ मरून राहिला म्हनून सोडला."

वकिलानं कपाळाला हात लावला. "बाई, जीव वाचवाया मारलं असं सांगा."

तिनं तसं सांगितलं नाही. एकवीस दिवसांनी जामीन झाला. तुरुंगाच्या दाराशी शिवहार उभा होता. दोघं स्टँडपर्यंत चालत गेली, आणि तिथं बाकड्यावर बसल्यावर सत्यशीला पहिल्यांदा मोठ्यानं रडली.