पाच कोसांवरची वीज

गुरुशांतप्पांनी लाकडी पट्टीला बांधलेल्या दोन थर्मामीटरांपैकी एकाच्या टोकाला गुंडाळलेली चिंधी पाण्यात बुडवली, दोरी मनगटाला अडकवली आणि पट्टी डोक्याच्या वर गरगर फिरवायला सुरुवात केली. माळावर वाऱ्याचं नाव नव्हतं. पट्टीच्या घुमणाऱ्या आवाजानं पलीकडे चरणारी शेरडं माना वर करून बघू लागली.

“किती, सर?” नेत्रावतीनं वही उघडत विचारलं.

“कोरडं चौतीस. ओलं साडेअठ्ठावीस.” त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून आकडे पुन्हा पाहिले. “लिही, लिही. इतकी दमट हवा ह्या साली आज पहिल्यांदा.”

सोमशेखरचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्यानं तो दोन बोटांनी सोडवला.

“मग आज होतंय म्हणायचं, गुरुजी.”

“म्हणू नये. बघावं.”

तिघं एकमेकांना आजच पहिल्यांदा भेटले होते, पण ओळख दोन वर्षांची. फोनवरच्या एका गटात रोज संध्याकाळी ते आपापल्या गावच्या ढगांचे फोटो टाकत आणि गच्चीवरच्या नळीत किती मिलिमीटर पाऊस जमला ते कळवत. गुरुशांतप्पा औरादच्या शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेले. सोमशेखरचं निर्ण्यात पंप दुरुस्तीचं दुकान. नेत्रावती करजगीला मास्तरीण. सुट्टीत बिदरला बहिणीकडे आली होती. सप्टेंबर अर्धा सरला होता, तीन आठवडे थेंब नव्हता आणि गेले सहा दिवस अंगाची काहिली होत होती. असा उकाडा साचला की एखाद्या दुपारी मोठा ढग उभा राहतो, हे तिघांनाही ठाऊक होतं. शेवटी गुरुशांतप्पांनीच लिहिलं होतं, ‘या. औरादच्या पश्चिमेचा माळ मोकळा आहे. ढग झाला तर पायापासून माथ्यापर्यंत दिसेल.’ प्रत्येकानं आजवर असे ढग तुकड्यातुकड्यांनीच पाहिले होते. दोन घरांच्या मधून, एसटीच्या खिडकीतून. सबंध ढग कुणीच पाहिला नव्हता.

शेरडांच्या मागून एक बाई आली. पंचेचाळिशीची, हातात बाभळीची फांदी. माळावरचं एकुलतं एक स्लॅबचं घर तिचंच असावं.

“जमीन मोजायला आलाव का?” तिनं पट्टीकडे बघत विचारलं.

“न्हाई ओ अक्का,” सोमशेखर हसला. “ढग बघायला आलोत. चांगला गडगडाट व्हावा म्हणून वाट बघायलोत.”

बाईनं तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

“ईज पडावी म्हणून?”

मग ती फांदी आपटत शेरडांना घराकडे वळवू लागली. डोक्यावर रखरखीत ऊन होतं, तीनही वाजले नव्हते. तरी ती पळवतच त्यांना नेत होती.

गुरुशांतप्पा तिच्या पाठीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “ही तानुबाई. हिचा मालक, तुळजाराम, ह्याच माळावर गेला. वीज पडून. नऊ वर्षं झाली. मला आधी आठवायला पाहिजे होतं.”

सोमशेखरनं जीभ चावली. नेत्रावतीनं वही मिटली. पण थोड्या वेळानं तिघांचीही नजर नकळत पुन्हा पश्चिमेला गेली, आणि गेली ती तिथंच राहिली.

उदगीरच्या बाजूला एक पांढरा कोंब फुटला होता. बघता बघता तो जाड झाला, वर चढला, त्याला बाजूनं दुसरे फुटवे आले. कापूस पिंजताना फुगावा तसा तो आतून फुगत होता. पायाशी निळसर काळोख जमू लागला. नेत्रावतीनं दोन फोटो काढले आणि फोन पिशवीत ठेवून दिला. तो फोटोत मावतच नव्हता. गुरुशांतप्पांचे ओठ उघडे राहिले होते.

“सर, माथा पसरायला लागला,” ती कुजबुजली.

पाचच्या सुमाराला ढगाच्या पोटात लख्खकन काही हललं. गुरुशांतप्पा मोजू लागले. पंचावन्नला गडगडाट आला, लांबून गाडी पुलावरून जावी तसा. पुढची वीज चाळीसला. मग एकतीस. सोमशेखरची गाडी अर्ध्या मैलावर डांबरी रस्त्याला उभी होती. चोविसाव्या आकड्याला गुरुशांतप्पांनी पट्टी पिशवीत कोंबली.

“तिसाच्या खाली आलं की आडोसा गाठायचा. चला.”

“सर, दोन मिनिटं. आत्ताच तर—”

“न्हाई. नेम तो नेम. पण गाडीपर्यंत पोचत न्हाई आपण.”

“आत या की!” घराच्या दारातून तानुबाई ओरडली. “मराया बसलाव का तितं?”

तिघं धावतच आत शिरले. तिनं दार लावलं, कडी घातली, दोन्ही खिडक्यांची फळकटं ओढून घेतली. ज्याच्यासाठी ते इतक्या लांबून आले होते ते सगळं बाहेर राहिलं. आत अंधार, शेरडांचा वास आणि कोपऱ्यातल्या खाटेवर वाकळ पांघरून पडलेली एक म्हातारी. तानुबाईची सासू.

“भिंतीला टेकू नका,” गुरुशांतप्पा म्हणाले, “खोलीच्या मधी बसा.”

दाराच्या फटीतून पांढरा उजेड आला आणि पाठोपाठ आवाज. फळीवरची ताटं थरथरली. तानुबाईनं दोन्ही कान पदरानं दाबले, डोकं गुडघ्यांत घातलं. तिची पाठ हलत होती.

नेत्रावती खिडकीशी उभी होती. फळकटाला बोटभर फट होती. तिथं डोळा लावला असता तर निदान काही तरी दिसलं असतं. तिनं हात वर केलाही. मग मागं वळून त्या हलणाऱ्या पाठीकडे पाहिलं, आणि येऊन तानुबाईशेजारी जमिनीवर बसली. तिचा हात कानावरून सोडवून आपल्या हातात घेतला.

“अक्का, माझ्यासंगं मोजा. उजेड आला की एक, दोन, तीन. आवाज येईपर्यंत.”

“मोजून काय व्हतंय?”

“किती लांब हाय ते कळतंय,” गुरुशांतप्पा म्हणाले. “दहा मोजले की एक कोस. आकडा वाढला म्हणजे ती दूर चालली. आवाज आला म्हणजे ती पडून गेली, अक्का. ऐकू येणारी वीज आपल्याला काय करत न्हाई.”

पुढचा उजेड आला. नेत्रावतीनं मोजलं, तानुबाईनं नुसते ओठ हलवले. पाच. मग तीन. मग मोजायला वेळच मिळाला नाही, घर हादरलं, शेरडं ओरडली, आणि स्लॅबवर पाऊस कोसळू लागला. तानुबाईची नखं नेत्रावतीच्या तळहातात रुतली. चार. सहा. सहानंतर तानुबाईचा आवाज ऐकू येऊ लागला. नऊ. अकरा. सतराला तिनं मान वर केली.

“दीड कोस झालं?”

“दीडाच्या वर.”

पावसाचा जोर कमी होत होता. मग तिनं, जणू आधीच बोलत होती आणि पुढचं वाक्य आत्ता तोंडात आलं, तसं विचारलं, “त्या दिशी आबाळ साफ व्हतं, गुरुजी. डोस्क्यावर ऊन व्हतं. उदगीरकडं लांब तेवढं काळं दिसायलतं. मग ईज आली कुठनं?”

गुरुशांतप्पांनी चष्मा काढला.

“गावातली म्हणली, देवाचं कायतरी चुकलं असंल,” ती सांगू लागली. “कोणी म्हणलं बाईचा पायगुण. ऊन असताना कुठं ईज पडती का म्हणायलते.”

“पडते,” गुरुशांतप्पा म्हणाले. “ती सगळीच ढगाच्या बुडातून सरळ खाली येते असं न्हाई, अक्का. एखादी वरच्या अंगातून निघते, बाजूनं. आडवी जाते. चार कोस, पाच कोस. ढग उदगीरकडं असतोय, हितं ऊन असतंय, आणि ती हितं येऊन पडते.”

“साफ आबाळातनं?”

“साफ आभाळातून.”

“मग माणसानं वळखायचं कसं?”

“ती ओळखू येत न्हाई.”

“तुमाला?”

“मला पण न्हाई.” चौतीस वर्षं शिकवताना कुणी त्यांना असा प्रश्न विचारला नव्हता, ते प्रत्येक शब्द पारखून बोलत होते. “त्या दिवशी मी हितं असतो आणि तुळजारामानं मला विचारलं असतं, तर मीच म्हणालो असतो, लांब हाय, जा, काय होत न्हाई.”

तानुबाईचा चेहरा एकाएकी लहान पोरीसारखा झाला.

“मीच म्हणले तसं,” ती म्हणाली. “तुमी म्हणलाव तेच. शेरडं पार वगळीच्या पाण्यापाशी गेलती. हे जेवून आडवे झालते. मी म्हणले, उठा, आबाळ यायच्या आत शेरडं घिऊन या. लांब हाय अजून, म्हणले. घरात आमी दोघंच. आत्याबाई सकाळीच उदगीरला नणंदंकडं गेलत्या. मी हाक मारली नसती तर निजून ऱ्हायले असते. हितंच. ह्या खाटंवर.”

सोमशेखर स्वतःच्या पायांच्या बोटांकडे बघत होता. गुरुशांतप्पांना काही बोलायचं होतं, पण खाटेवरून आवाज आला.

“तानू.”

म्हातारी कोपरावर उठून बसायचा प्रयत्न करत होती.

“तू हाक मारली म्हणून गेला न्हाई त्यो. सकाळी मोटारीत बसताना मी त्याला बजावून गेल्ते. आबाळ भरून याया लागलं की शेरडं आणून बांध, म्हणले. दोनदा म्हणले. त्यो म्हणला, व्हय आई, निजलो तरी उठतो. माझा शबुद मोडायचा न्हाई त्यो. तू ब्र काढला नसतीस तरी गेलाच असता.”

तानुबाई वळून तिच्याकडे बघत राहिली.

“नऊ वर्सं झाली, आत्याबाई.”

“व्हय.”

“नऊ वर्सं मी ह्या दाराकडं बघायलेय. कामून सांगितलं न्हाई मला?”

म्हातारीनं वाकळेचा काठ बोटांत धरला. बराच वेळ ती तो चुरत राहिली.

“तेराव्याला तुझा भाऊ आलता तुला न्यायला. आठवतंय का? तू त्याला म्हणलीस, माझ्यामुळं गेले, आता म्हातारीला टाकून मी कुठं येऊ. मी आतनं ऐकायलते. तवाच भाईर येऊन सांगायला पायजे व्हतं.” तिचा श्वास लागला. “सांगितलं असतं तर तू गेली असतीस. मला कोन व्हतं मग?”

पाऊस थांबला होता. स्लॅबच्या कडेवरून पाणी टपटपत होतं. कुठं तरी लांब, मोजण्याच्या पलीकडे, गडगडलं.

तानुबाई उठली. ती दाराकडे जाईल असं सोमशेखरला वाटलं. तो घाईनं पाय आवरून बाजूला झाला. ती खाटेशी गेली. म्हातारी डोळे मिटून होती, जणू काहीतरी अंगावर येणार म्हणून. तिचं एक पाऊल वाकळेबाहेर आलं होतं, वाळलेलं, टाचेला भेगा. तानुबाईनं ते बघितलं. मग वाकळ ओढून त्यावर घातली.

“सरका जरा तिकडं,” ती म्हणाली.

म्हातारी सरकली. तानुबाई खाटेच्या कडेला बसली, पाय वर घेतले, आणि दोन्ही हात मांडीत ठेवून नुसतीच बसून राहिली. त्यांचे खांदे एकमेकींना लागले होते. म्हातारीनं डोळे उघडून आधी तिच्याकडे, मग खाली बसलेल्या तिघांकडे पाहिलं.

“च्या तरी टाक की गं,” ती पुटपुटली. “माणसं बसलीत.”

“टाकते,” तानुबाई म्हणाली, पण हलली नाही.

नेत्रावती उठली. कोंडलेल्या घरात आता पुन्हा उकडू लागलं होतं, म्हणून तिनं जाता जाता पूर्वेकडच्या खिडकीचं फळकट ढकललं. ओल्या मातीचा वास आणि केशरी, फार उंचावरून परतून आल्यासारखा उजेड आत आला. भिंत, ताटं, खाटेवरच्या दोघी, सगळं त्यात उजळलं. पूर्वेला सरकलेल्या त्या सबंध ढगावरून मावळतीचं ऊन परतून येतं आहे, हे ढग बघायला आलेल्या तिघांना कळत होतं. गुरुशांतप्पांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर ठेवला आणि मांडी घालून नीट बसले. नेत्रावती खिडकीकडे पाठ करून शेगडीपाशी वाकली.

“मी टाकते, अक्का. साखर कुठं हाय?”

“फळीवर,” तानुबाई बसल्या जागेवरून म्हणाली. “निळ्या डब्यात.”