बुन्ताचं खाणं

बुन्ता खात नाही हे चिगुसाच्या लक्षात आलं होतं. पण त्या घरात तेव्हा कुणीच धड जेवत नव्हतं.

आई सप्टेंबरात गेली. सकाळी भाजी आणायला निघाली आणि दारातच, एका पायात चप्पल घालून, खाली बसली ती बसलीच. चिगुसा नागोयाहून ताकाओकाला आली आणि परत गेली नाही. पाठ्यपुस्तकांची मुद्रितं कुठेही बसून तपासता येतात, असं तिने ऑफिसला कळवलं. रीतीप्रमाणे एकोणपन्नासाव्या दिवसापर्यंत अस्थी घरात राहणार होत्या, आणि घरात दोन प्राणी होते. ओहागी नावाचा काळा ससा आणि बुन्ता नावाचा तांबूस-पांढरा गिनीपिग. शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी संपल्यावर आईने पाळलेले. त्यांना कुणीतरी खायला घालायला हवं होतं.

ओट्याखाली बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात बोटाच्या पेराएवढ्याही नसलेल्या, हिरवट तपकिरी गोळ्या. आईची सवयच तशी. घरात आलेली कुठलीही पिशवी ती चांगल्याशा डब्यात रिकामी करायची, पिशवी धुऊन, वाळवून, घडी घालून प्लास्टिकचा कचरा नेतात त्या वारी बाहेर ठेवायची. डब्यावर ना नाव, ना तारीख. चिगुसा रोज दोन वेळा दोघांना त्यातलाच एकेक चमचा घालत राहिली, शिवाय सुकं गवत. सशाने खाल्लं. बुन्ताने आधी दोन-चार गोळ्या कुरतडल्या, मग त्याही टाकल्या, मग वाटीकडे पाठ करून कोपऱ्यात बसून राहू लागला.

"त्यालाही कळलंय," तोकिए मावशी म्हणाली. आईची ही थोरली बहीण दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि रोज दुपारी उदबत्ती लावायला यायची. "इत्सुए त्याला मांडीवर घेऊन टीव्ही बघायची. दुःख करतोय बिचारा बटाटा." बुन्ताला ती बटाटाच म्हणायची.

चिगुसाला ते पटलं. म्हणजे, पटवून घेतलं की पुढे काही करावं लागत नव्हतं.

सदतिसाव्या दिवशी पिंजरा साफ करायला तिने त्याला उचललं तर तो कळवळून ओरडला. खाली ठेवल्यावर मागचे पाय फरशीवर घसटत राहिले.

प्राण्यांचे डॉक्टर तिच्यापेक्षा तरुण होते. त्यांनी बुन्ताचे गुडघे दोन बोटांनी चाचपले, ओठ उचलून हिरड्या पाहिल्या.

"काय घालता याला?"

"आई घालायची तेच." तिने कागदात बांधून आणलेल्या गोळ्या पुढे केल्या. "माझी आई गेली महिन्यापूर्वी. त्याचं दुःख असेल असं आम्हाला वाटलं."

डॉक्टरांनी एक गोळी नखाने फोडली. "हे बहुतेक सशाचं आहे."

"ससाही आहे. दोघं एकच खातात."

"दिसतं सारखंच, पण याला नाही चालत. सी जीवनसत्त्व सशाच्या अंगात आपलं आपण तयार होतं. गिनीपिगच्या होत नाही. तुमच्या-माझ्यासारखंच, खाण्यातून मिळालं तरच. नाही मिळालं की हिरड्या दुखतात, सांधे सुजतात. दुःख असेलही. पण हे सांधे आहेत."

वजन सातशे नव्वद ग्रॅम भरलं. आईने वसंतात आणलं तेव्हा हजारावर होतं, असं त्यांच्या कागदावर लिहिलेलं होतं.

"थेंब देतो, पण ते आत्तापुरते. निम्मे तो थुंकेल. आठवड्याभरात याने स्वतःच्या तोंडाने योग्य खाणं खायला लागलं पाहिजे. सातशेच्या खाली गेला तर मला फार काही करता येणार नाही."

चिगुसा "बरं" म्हणाली. सव्वा महिना ती सगळ्यांना "बरं"च म्हणत होती.

स्टेशनमागच्या दुकानात मुरोईबाई होत्या. साठीच्या, गळ्यात चष्मा, हातावर सशांच्या नखांचे जुने ओरखडे. चिगुसाने गिनीपिगच्या खाण्याची सगळ्यात देखणी पिशवी उचलली. लाल-पिवळे तुकडे, मक्याचे दाणे, सूर्यफुलाच्या बिया.

"ते ठेवा हो खाली," मुरोईबाई लांबूनच म्हणाल्या. "गोड गोड तेवढं वेचतील आणि बाकीचं पायाखाली तुडवतील. माझे यजमान जेवतात तसं. कुणासाठी हवंय?"

"बुन्ता. इत्सुए हासेबे यांचा. मी त्यांची मुलगी."

"अगंबाई! कशा आहेत त्या? कितीतरी दिवसांत फिरकल्या नाहीत. म्हटलं रागावल्या की काय, मी ते खाणं येत नाही म्हणाले म्हणून."

"आई गेली. सप्टेंबरात."

मुरोईबाई काउंटरमागून बाहेर आल्या, चिगुसाच्या हातातली पिशवी घेतली, जागेवर ठेवली आणि खालच्या फळीपाशी गुडघ्यांवर बसल्या.

"हे बघा. हे अल्फाल्फा गवताचं, वाढत्या पिल्लांना. बुन्ताला नको, खडे होतील लघवीत. हे टिमोथी गवताचं, सी जीवनसत्त्व घातलेलं. हेच घ्या. आणि तारीख बघून घ्या, पिशवी फोडली की दोन महिन्यांत त्यातला सी उडून जातो. त्या न्यायच्या ते मात्र आता बनतच नाही. जूनमध्ये शेवटच्या दोन पिशव्या होत्या, दोन्ही त्यांनीच नेल्या."

"बुन्ताचं वेगळं न्यायची?"

"मग? सशाचं वेगळं, त्याचं वेगळं. सारसांच्या चित्राच्या डब्यात ओतते म्हणायच्या. फार हट्टी आहे तो, दुसरं काही तोंडात घेत नाही. नवं एकदम दिलंत तर उपाशी मरेल, पण खाणार नाही. जुन्यात मिसळून हळूहळू सवय लावा."

घरी मावशी चहा करत होती. चिगुसाने विचारलं, "मावशी, सारसांचं चित्र असलेला डबा पाहिलास का कुठे?"

"तांदळाच्या चकत्यांचा? तो ना, अगं तो तर…"

दोघींनी एकदमच मागे वळून पाहिलं. पांढऱ्या कापडाच्या चौरंगावर अस्थींचा कलश होता, आईचा फोटो होता, आणि फोटोसमोर फळांच्या नि गोडाच्या खोक्यांमध्ये लाल डबा होता. अंत्यविधीच्या आदल्या दिवशी मावशीने फडताळातून काढून ठेवलेला. कुणीतरी भेट दिलेला, न उघडलेला, असा तिचा समज.

मावशीने झाकण काढलं. आत हिरवट गोळ्या.

"सव्वा महिना!" मावशी मटकन खाली बसली. "सव्वा महिना मी इत्सुएला रोज हात जोडून गिनीपिगचं खाणं वाढतेय! खा गं, तुझ्या आवडीच्या चकत्या आहेत, म्हणून! ती काय म्हणत असेल गं मला?" आणि ती हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, ती डोळे पुसत राहिली आणि पुसणं बराच वेळ थांबलं नाही.

चिगुसाला हसू आलं नाही. यायला हवं होतं, एवढं तिला कळत होतं. तिने फक्त डबा हलवून पाहिला. पाव भरला असेल. सहा दिवस, फार तर सात.

झाकणाचा आवाज झाला तसा कोपऱ्यातला बुन्ता मान वर करून या बाजूला बघत होता.

"मावशी, हे काढून घेतलं तर चालेल का?"

मावशीने नाक पुसलं, छोटी घंटा वाजवली आणि हात जोडले. "इत्सुए, घेतो गं." मग चिगुसाकडे वळून, "समोरून उतरवलेलं घरच्यांनीच खायचं असतं. हा बटाटा घरचाच की."

बुन्ताने त्यातल्या चार गोळ्या खाल्ल्या, हळूहळू, एकाच बाजूने चावत. जून-जुलैत फोडलेलं खाणं ते. त्यातला सी केव्हाच उडाला असणार. तेच खात राहिला तर पाय सुधारायचे नाहीत, आणि नवं तो खाणार नाही. डबा संपायच्या आत काय ते व्हायला हवं होतं.

पहिल्या दिवशी तिने तीन भाग जुनं, एक भाग नवं मिसळलं. त्याने जुनं एकूण एक वेचून खाल्लं. नवं वाटीत तसंच. सातशे एक्क्याऐंशी. दुसऱ्या दिवशीही तेच. सातशे सत्तर. थेंब द्यायला ती त्याला पंच्यात गुंडाळायची, आणि निम्मे थेंब तिच्या बाहीवर यायचे. तिसऱ्या दिवशी मावशीने खल पुढे केला.

"याची पिठी कर. तांदळाच्या मोचीच्या गोळ्यांना सोयाबीनची पिठी लावतो तशी लाव त्या नव्या गोळ्यांना. वेचणार कसा बघू."

चिगुसाने आईच्या गोळ्या कुटल्या, नव्या किंचित ओल्या करून त्यात घोळवल्या आणि वाळत ठेवल्या. वास डब्यातल्यासारखाच येत होता. बुन्ताने हुंगलं, एक उचलली, टाकली. पुन्हा उचलली.

सातशे सहासष्ट. सातशे अडुसष्ट. रोज ती पिठी थोडी पातळ लावत गेली. सातव्या दिवशी तिने डबा खलावर उपडा धरून थोपटला. भुरभुर पडली, आणि मग काही पडलं नाही.

आठव्या दिवशी सकाळी वाटीत नुसत्या नव्या गोळ्या होत्या. मावशी लवकर आली होती, कोट न काढताच जमिनीवर बसली. पलीकडे ससा आपलं गवत चावत होता. बुन्ता वाटीपाशी आला. मागचे पाय अजून तिरके पडत होते, पण घसटत नव्हते. त्याने हुंगलं आणि तोंड फिरवून परत गेला.

"झालं," मावशी म्हणाली.

"थांब."

तो पुन्हा आला. वाटीच्या कडेवर हनुवटी टेकून बसून राहिला. मग एक गोळी उचलली आणि चावली. मग दुसरी.

खाऊन झाल्यावर चिगुसाने त्याला तराजूवर ठेवलं. "सातशे एकाहत्तर."

"चढला की उतरला?"

"चढला. तीन ग्रॅम."

"तीन ग्रॅम म्हणजे किती?"

चिगुसाने बुन्ताला पिंजऱ्यात सोडलं, पिशवीत हात घातला, थोड्या गोळ्या तराजूवर टाकल्या, दोन परत काढल्या आणि उरलेल्या मावशीच्या तळहातावर ठेवल्या. मावशीने त्या निरखून पाहिल्या आणि मूठ मिटली.